जनुकांचे आयडी आणि दुतर्फा मॅप: बायमॅपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोकंडक्टर या, आर भाषेत जनुकीय डेटाचं विश्लेषण करण्यासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या अ‍ॅनोटेशनडीबीआय पॅकेजमध्ये आयडींच्या दोन संचांमधलं नातं 'बायमॅप' नावाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवलेलं असतं. मायक्रोअ‍ॅरे (जनुकांची चिप) किंवा आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा हाताळणाऱ्याची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. इथे फंक्शनांची, पॅकेजांची आणि कॉलमांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. आर भाषेत टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

बायमॅप म्हणजे नेमकं काय?

दोन संच आणि त्यांच्यामधल्या जोडण्या. डाव्या संचातल्या कळांना (की, म्हणजे आयडी) एलकीज म्हणतात, उजव्या संचातल्यांना आरकीज. डावीकडची एक की आणि उजवीकडची एक की यांना जोडणारी प्रत्येक रेघ म्हणजे एक जोडणी. एका कीला शून्य, एक किंवा कितीही जोडण्या असू शकतात आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. आलेखशास्त्रात याला द्विभागी आलेख म्हणतात.

उदाहरण घेऊ. ऑर्ग.एचएस.ईजी.डीबी हे मानवी जनुकांचं पॅकेज. त्यातल्या ऑर्ग.एचएस.ईजीसिंबॉल या मॅपमध्ये डावीकडे एन्ट्रेझ आयडी (अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या जनुक-नोंदींचे क्रमांक) आहेत आणि उजवीकडे जनुकांची अधिकृत चिन्हं. ७१५७ आणि टीपी५३ यांच्यात एक जोडणी आहे, ६७२ आणि बीआरसीए१ यांच्यात दुसरी.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. जोडणी नसलेल्या कळासुद्धा बायमॅपचा भाग असतात. 'हा आयडी आम्हाला माहीत आहे, पण त्याला समोर काही नाही' ही माहिती आहे, आणि 'हा आयडी आम्ही कधी पाहिलाच नाही' ही वेगळी माहिती आहे. खाली आलेल्या कित्येक अडचणी हा फरक विसरल्यामुळे उद्भवतात.

यासाठी साधी डिक्शनरी का पुरत नाही?

डिक्शनरी एका दिशेनेच चालते, आणि उलटवायला गेलं की गप्पपणे माहिती गमावते. पायथनमध्ये एका ओळीत डिक्शनरी उलटवली आणि दोन कळांचं मूल्य एकच असेल, तर शेवटी आलेली की टिकते आणि आधीची पुसली जाते. आरमध्ये नावं दिलेला व्हेक्टर उलटवून नावाने शोधलं तर याच्या बरोबर उलट घडतं, पहिली सापडते आणि बाकीच्या दिसतच नाहीत. दोन्हीकडे एरर येत नाही. एकच काम दोन भाषांत करणाऱ्या गटांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

बायोकंडक्टरची जुनी अ‍ॅनोटेशन पॅकेजं आरच्या एन्व्हायर्नमेंटवर बांधलेली होती, म्हणजे एकतर्फी. उलट दिशा हवी असेल तर दुसरं एन्व्हायर्नमेंट वेगळं साठवावं लागे. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की दोन्ही प्रती जुळत्या राहतील याची खात्री कोणी द्यायची? एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर आधारलेली पॅकेजं आल्यावर ही अडचण मुळातूनच गेली. जोडण्या एकदाच साठवायच्या आणि हव्या त्या बाजूने वाचायच्या.

जावाच्या ग्वावा लायब्ररीतही बायमॅप आहे. तोच का हा?

नाही, आणि नावातल्या या साम्यामुळे बरीच गफलत होते. ग्वावाचा बायमॅप काटेकोर एकास एक असतो. आधीच वापरलेलं मूल्य दुसऱ्या कीला देऊ पाहिलं तर पुट एक्सेप्शन टाकतं, आणि फोर्सपुट जुनी जोडी उडवून नवी बसवतं. पायथनचं बायडिक्ट पॅकेजही एकास एकच मानतं. जीवशास्त्रातल्या आयडींचं नातं असं क्वचितच असतं. तिथे ही साधनं वापरली तर एक तर प्रोग्रॅम थांबतो, नाही तर फोर्सपुटमुळे जोडण्या नाहीशा होतात. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

रेव्हमॅप केल्यावर डेटा बदलतो का?

बदलत नाही. प्रत्येक बायमॅपला दिशा असते: डावीकडून उजवीकडे असेल तर डायरेक्शन १ देतं, उलट असेल तर उणे १. रेव्हमॅप, म्हणजे मॅप उलटवणारं फंक्शन, एवढी एक खूण पालटतं. जोडण्यांची नवी प्रत तयार होत नाही, त्यामुळे मॅप कितीही मोठा असला तरी काम लगेच होतं.

मात्र कोणती फंक्शनं दिशा पाहतात आणि कोणती नाही हे ठाऊक असायला हवं. कीज, लेंग्थ, मॅप्डकीज, इझएनए, अ‍ॅजलिस्ट, एमगेट (एकदम अनेक कळा शोधणारं) आणि चौकटी कंस ही दिशेप्रमाणे वागतात. एलकीज, आरकीज, टूटेबल, एनरो यांना दिशेशी देणंघेणं नाही. रेव्हमॅप करून टूटेबल चालवलं आणि कॉलमांचा क्रम पालटला नाही म्हणून बिघाड शोधत बसू नका. टूटेबल नेहमी सगळ्या जोडण्या डावी-उजवी याच क्रमाने मांडतं.

लेंग्थ, मॅप्डकीजची संख्या आणि टूटेबलच्या ओळी यांचे आकडे वेगवेगळे का येतात?

कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. लेंग्थ सध्याच्या दिशेच्या सगळ्या कळा मोजतं, जोडणी नसलेल्याही. काउंट.मॅप्डकीज निदान एक जोडणी असलेल्या कळा मोजतं. एनरो जोडण्या मोजतं.

अ‍ॅफिमेट्रिक्सच्या एचजी-यू९५एव्ही२ चिपवर १२,६२५ प्रोबसेट (जनुक ओळखण्यासाठी चिपवर लावलेल्या छोट्या अनुक्रमांचे, म्हणजे प्रोबचे, गट) आहेत. त्या चिपच्या मॅपचं लेंग्थ त्यावरून ठरतं. पण त्यातले एएफएफएक्सने सुरू होणारे नियंत्रण प्रोबसेट चिपचं काम तपासण्यासाठी असतात. त्यांतल्या पुष्कळांना मानवी जनुकाशी जोडणी नसते, त्यामुळे मॅप्डकीज लहान येतं. अहवालात 'अमुक इतके प्रोब अ‍ॅनोटेट झाले' असं लिहिताना लेंग्थ नव्हे, मॅप्डकीजचा आकडा द्या. कोणत्या कीला किती जोडण्या आहेत हे पाहायचं असेल तर एनहिट वापरा. त्याच्या निकालावर टेबल चालवलं की एका नजरेत कळतं: शून्यवाल्या किती, एकवाल्या किती, अनेकवाल्या किती. कुठलाही मॅप हातात आल्यावर पहिल्यांदा हेच करावं असं आमचं ठाम मत आहे.

मॅपचा तुकडा घेतला, मग रेव्हमॅप केलं, तर लेंग्थ अचानक प्रचंड झालं. का?

चौकटी कंसाने तुकडा घेतला की फक्त त्या दिशेच्या कळा कमी होतात. समोरच्या बाजूच्या कळा तशाच राहतात. दहा प्रोब निवडून मॅप उलटवला, तर आता 'कळा' म्हणजे उजव्या बाजूची सगळी जनुकं, आणि त्यातल्या बहुतेकांची जोडणी आपणच काढून टाकलेली. अशा वेळी मॅप्डकीज घ्या, किंवा सबसेट फंक्शनला एलकीज आणि आरकीज हे दोन्ही पर्याय देऊन दोन्ही बाजू एकदमच आवळा.

की सापडली नाही तर कधी एनए येतं, कधी एरर. असं का?

की मॅपमध्ये आहे पण तिला जोडणी नाही, तर एनए (आरमधली 'मूल्य नाही' ही खूण). की मॅपमध्येच नाही, तर दुहेरी चौकटी कंस आणि एमगेट एरर देतात. ही वागणूक मुद्दाम ठेवलेली आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा. एरर टाळण्यासाठी अनेक जण एमगेटला इफनॉटफाउंड=एनए देतात. त्यानंतर टायपिंगची चूक, जुन्या आवृत्तीतला आयडी, दुसऱ्याच प्रजातीचा आयडी आणि खरोखरच जोडणी नसलेला आयडी, सगळे एनए म्हणून एकाच रांगेत येतात. मोठ्या यादीवर हा पर्याय लावायचाच असेल, तर आधी सेटडिफने आपल्या याद्या कीजशी ताडून पाहा आणि अनोळखी आयडी वेगळ्या फाइलीत काढा. सिलेक्ट (कळा देऊन हवे ते कॉलम मागणारं फंक्शन) वापरतानाही हे करायला हवं, कारण काही कळा अनोळखी असतील तर तो त्यांच्यापुढे एनए लिहून पुढे जातो. एकही की ओळखीची नसेल तेव्हाच तो थांबतो.

चिपच्या मॅपमध्ये काही प्रोब रिकामे दिसतात, पण सिलेक्टने विचारलं तर त्यांची जनुकं मिळतात. खरं कोणतं धरायचं?

दोन्ही खरं आहे. एकापेक्षा जास्त जनुकांना चिकटणारे प्रोब चिपचे बायमॅप मुळातच झाकून ठेवतात. सिलेक्ट त्यांना झाकत नाही. त्यामुळे एकाच पॅकेजमधून दोन उत्तरं येतात.

हे प्रोब पाहायचे असतील तर टॉगलप्रोब्झ वापरा. त्याला तीन पर्याय आहेत. 'सिंगल' म्हणजे फक्त एका जनुकाशी जोडलेले प्रोब, 'मल्टिपल' म्हणजे फक्त अनेकांशी जोडलेले, 'ऑल' म्हणजे सगळे. हातातल्या मॅपची सध्याची स्थिती हॅझमल्टिप्रोब्झ आणि हॅझसिंगलप्रोब्झ सांगतात. डेटाबेसमध्ये यासाठी प्रोब्झ टेबलात इझ_मल्टिपल नावाचा कॉलम असतो, झाकणं-उघडणं त्यावरूनच होतं.

झाकण्यामागे कारण आहे. अनेक जनुकांना चिकटणाऱ्या प्रोबचा संकेत नेमका कोणत्या जनुकाचा हे सांगता येत नाही. भिन्न व्यक्त झालेल्या जनुकांची यादी काढताना ते बाजूला ठेवणंच बरं. पण एखादा प्रोबसेट आधीच महत्त्वाचा ठरला असेल आणि तो कशाकशाला चिकटू शकतो हे तपासायचं असेल, तर 'ऑल' लावल्याशिवाय गत्यंतर नाही. कोणता पर्याय वापरला हे पद्धतीच्या विभागात लिहा.

मॅपआयडीजमध्ये मल्टिव्हॅल्झला काय द्यावं?

मॅपआयडीज हे कळांवरून एका कॉलममधली मूल्यं देणारं फंक्शन, आणि एका कीला अनेक उत्तरं असतील तर काय करायचं ते मल्टिव्हॅल्झ ठरवतं. काही दिलं नाही तर 'फर्स्ट' धरलं जातं: अनेक जोडण्यांपैकी पहिली घेतली जाते, बाकीच्या टाकल्या जातात. इथली 'पहिली' ही डेटाबेसने दिलेल्या क्रमातली पहिली आहे. ती जास्त महत्त्वाची, जास्त अभ्यासलेली किंवा जास्त खात्रीची आहे असं काही नाही.

आलेखावर नावं छापायची असतील तर 'फर्स्ट' चालतं. आकडेमोडीत जायचं असेल तर 'लिस्ट' घ्या, लेंग्थ्सने मोजा आणि मग ठरवा. 'अ‍ॅजएनए' संदिग्ध कळांच्या जागी एनए ठेवतं, म्हणून निकालाची लांबी मूळ यादीइतकीच राहते. 'फिल्टर' संदिग्ध कळा काढूनच टाकतं, त्यामुळे निकाल मूळ यादीपेक्षा आखूड होतो. तो सरळ डेटाफ्रेमच्या कॉलमात भरायला गेलं तर लांबी जुळत नाही. लांबी जुळत नसल्यामुळे एरर आला तर नशीबच म्हणायचं. काही प्रकारच्या नेमणुकीत आर आखूड व्हेक्टर पुन्हा पहिल्यापासून वापरतं आणि चुकीच्या ओळीसमोर चुकीचं नाव बसतं. 'फिल्टर' वापरलंत तर निकालाच्या नावांनी मॅच करूनच जोडा. मल्टिव्हॅल्झला स्वतःचं फंक्शनही देता येतं. सगळी चिन्हं अर्धविरामाने जोडून एका खान्यात ठेवायची असतील तर हा मार्ग सोपा पडतो.

बायमॅप वापरावा की सिलेक्ट?

नवीन कोड लिहिताना सिलेक्ट आणि मॅपआयडीज. कीटाइप्स आणि कॉलम्स चालवून काय काय उपलब्ध आहे ते पाहायचं आणि एकाच वेळी अनेक कॉलम मागायचे. सिलेक्ट '१:मेनी' किंवा 'मेनी:मेनी' असा संदेश छापतं. तो लाल अक्षरांत दिसतो म्हणून एरर वाटतो, पण ती माहिती आहे आणि फार मोलाची आहे. सप्रेसमेसेजेसमध्ये गुंडाळून तो गप्प करू नका. तुमच्याच यादीत आयडी दोनदा आला असेल तर तेही त्यातूनच कळतं.

नात्याचाच अभ्यास करायचा असेल, म्हणजे जोडणी नसलेल्या कळा, एनहिट, दोन्ही दिशांचे आकडे, तर बायमॅप अजूनही जास्त सोयीचा आहे. जुने कोड आणि लेख वाचण्यासाठी तो यायलाच हवा.

एक व्यवहारातली अडचण: डीप्लायर पॅकेज नंतर लोड केलं की त्याचं सिलेक्ट या सिलेक्टला झाकतं आणि समजायला अवघड असा एरर येतो. कायम अ‍ॅनोटेशनडीबीआय::सिलेक्ट असं पूर्ण नाव लिहा.

एन्ट्रेझ आयडी आकडा म्हणून ठेवला तर काय बिघडतं?

फार बिघडतं. बायमॅपच्या कळा म्हणजे अक्षरमाला. मॅपची अ‍ॅजलिस्टने यादी केली आणि तिला ७१५७ हा आकडा दिला, तर आर टीपी५३ देत नाही. यादीतला सात हजार एकशे सत्तावन्नावा घटक देतं. तो घटकही कुठल्यातरी खऱ्याच जनुकाचा असतो, म्हणून उत्तर अगदी विश्वासार्ह दिसतं. कोट घालून '७१५७' दिलं तर नावाने शोध होतो.

फॅक्टर (लेव्हलच्या अनुक्रमांकांनी साठवलेली वर्गवारी) हा याच जातीचा धोका. आर ४.०.० च्या आधी रीड.टेबल अक्षरमालांचे आपोआप फॅक्टर करत असे. फॅक्टरवर अ‍ॅज.न्यूमेरिक चालवलं की आयडी येत नाही, लेव्हलचा अनुक्रमांक येतो. तिसरा प्रकार त्याहून सूक्ष्म आहे: दशांश प्रकारात साठवलेला १००००० हा आकडा अ‍ॅज.कॅरेक्टरमधून '१ई+०५' होऊन बाहेर पडतो, आणि ही की कोणत्याच मॅपमध्ये सापडत नाही. उपाय एकच. फाइल वाचतानाच आयडीच्या कॉलमला कोलक्लासेस पर्यायात कॅरेक्टर सांगा.

जनुकाचं चिन्ह हीच की म्हणून वापरली तर चालेल का?

माणसाला वाचण्यासाठी चालेल, डेटा जोडण्यासाठी नको. चिन्ह एकमेव असेलच असं नाही. टीईसी हे चिन्ह ऑर्ग.एचएस.ईजी.डीबीच्या आवृत्त्यांत ७००६ या टायरोसिन कायनेजच्या जनुकालाही जोडलेलं आढळलं आहे आणि १००१२४६९६ या रोगाच्या नोंदीलाही. चिन्हं बदलतातही. एक्सेल एसईपीटी२, मार्च१ अशा चिन्हांच्या तारखा करून टाकत असे. एचजीएनसी या नामकरण समितीने ही चिन्हं बदलून सेप्टिन२, मार्चएफ१ अशी केली आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तसं नोंदवलं. जुन्या फाइलींत मात्र जुनी चिन्हं आहेत, आणि काहींत नुसत्या तारखा.

चिन्ह सापडत नाही म्हणून कीटाइप सिंबॉलऐवजी एलिअस करायचा सल्ला सर्रास दिला जातो. एलिअसमध्ये अधिकृत चिन्हंही आहेत आणि जुनी, पर्यायी नावंही, म्हणून जास्त कळा जुळतात. पण त्यातल्या काही चुकीच्या जुळतात. एमएलएल२ हे नाव साहित्यात केएमटी२डी (८०८५) साठीही वापरलं गेलं आहे आणि केएमटी२बी (९७५७) साठीही. अशा नावाला 'फर्स्ट' लावणं म्हणजे चिठ्ठी उचलणं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सिंबॉलने जुळवा, उरलेलीच एलिअसकडे न्या, तिथे एकच उत्तर आलं तर घ्या, अनेक आली तर मूळ लेखातून किंवा अनुक्रमातून खात्री करा.

एन्सेंबलचे आयडी जुळतच नाहीत.

एन्सेंबल हा जनुकांचा दुसरा एक डेटाबेस. तिथे बहुतेक वेळा शेवटचा ठिपका आणि त्यापुढचा आवृत्तीक्रमांक आड येतो. जीटीएफ (जीनोमवरच्या जनुकांच्या जागा नोंदवणाऱ्या) फाइलीतून ईएनएसजी०००००१४१५१०.१७ असा आयडी येतो, मॅपमध्ये मात्र ईएनएसजी०००००१४१५१० आहे. ठिपक्यापासून पुढचा भाग काढा. त्यानंतर आयडी दोनदा आले का तेही तपासा. जेनकोड या जनुकसूचीच्या काही फाइलींत वाय गुणसूत्रावरच्या समाईक भागातल्या जनुकांना 'पीएआर_वाय' अशी शेपटी असते. ती काढली गेली की एक्स आणि वाय गुणसूत्रांवरच्या दोन ओळी एकाच आयडीच्या होतात.

एका एन्ट्रेझ आयडीला अनेक एन्सेंबल आयडी दिसणं ही चूक नाही. एचएलए-ए (३१०५) घ्या. सहाव्या गुणसूत्राच्या त्या भागाचे अनेक पर्यायी हॅप्लोटाइप (त्याच भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या) संदर्भ जीनोममध्ये आहेत आणि एन्सेंबल प्रत्येकावरच्या जनुकाला वेगळा आयडी देतं. शिवाय एनसीबीआय आणि एन्सेंबल जनुकांच्या सीमा स्वतंत्रपणे ठरवतात. दोन्हींचा मेळ नेहमी बसेल अशी अपेक्षाच ठेवू नये. तुमचे रीड (सीक्वेन्सिंगमधून वाचलेले तुकडे) एन्सेंबलच्या जीटीएफवर मोजले असतील तर पूर्ण विश्लेषण एन्सेंबल आयडीवर करा आणि रूपांतर अगदी शेवटी करा.

जीओच्या मॅपमध्ये एकच जोडी दोनदा का दिसते?

जीओ (जीन ऑन्टॉलॉजी) ही जनुकांच्या कामांसाठीच्या प्रमाणित संज्ञांची सूची, आणि तिथे जोडणीला टॅग असतात. जनुक आणि जीओ संज्ञा यांच्यातली प्रत्येक रेघ कोणत्या पुराव्यावर आधारलेली आहे ते एव्हिडन्स कोड सांगतो: प्रत्यक्ष प्रयोगासाठी आयडीए, लेखकाच्या विधानासाठी टीएएस, आपोआप केलेल्या नोंदीसाठी आयईए. एकाच जनुकाला जीओ:०००६९१५, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसची संज्ञा, दोन वेगळ्या पुराव्यांनी जोडलेली असू शकते. टूटेबलमध्ये त्याच्या दोन ओळी येतात. एनरिचमेंटसाठी (यादीत कोणती संज्ञा अपेक्षेपेक्षा जास्त येते ते पाहण्यासाठी) मोजण्याआधी फक्त जनुक आणि संज्ञा हे दोन कॉलम ठेवून युनिक चालवा, नाही तर जास्त अभ्यासलेली जनुकं फुगून दिसतात.

दुसरा मुद्दा दिशेचा. ऑर्ग.एचएस.ईजीजीओ उलटवलं की ऑर्ग.एचएस.ईजीजीओ२ईजी मिळतं, पण ऑर्ग.एचएस.ईजीजीओ२ऑलईजीज मिळत नाही. पहिल्या दोघांत संज्ञेला थेट जोडलेली जनुकं आहेत. तिसऱ्यात त्या संज्ञेच्या खालच्या सगळ्या उपसंज्ञांची जनुकंही आहेत. हे नातंच वेगळं आहे. एनरिचमेंटला सहसा तिसराच लागतो, कारण उपसंज्ञेतलं जनुक वरच्या संज्ञेतही मोडतं.

दोन मॅप साखळीने जोडताना काय सांभाळायचं?

गुणाकार. एका जनुकाला ३ प्रोबसेट आणि ४ एन्सेंबल आयडी असतील, तर प्रोबपासून एन्सेंबलपर्यंत जाताना १२ ओळी होतात. त्यावर सरासरी काढली तर त्या जनुकाचं वजन विनाकारण वाढतं. प्रत्येक टप्प्यानंतर ओळी मोजा आणि आधीच्या टप्प्याशी ताडा.

जाऊन परत आल्यावर मूळ संच मिळेल असंही धरू नका. शंभर प्रोब घेऊन जनुकांकडे गेलात आणि त्या जनुकांवरून प्रोबकडे परतलात, तर त्या जनुकांचे इतर प्रोबही सोबत येतात आणि ज्यांना जोडणी नव्हती ते गळतात. ही तपासणी म्हणून उत्तम आहे: परतीच्या संचात नवे कोण आले आणि जुने कोण गळले हे पाहिलं की मॅपचा स्वभाव कळतो.

आणखी एक सापळा एनएचा. आरचं मर्ज आणि डीप्लायरचं लेफ्ट_जॉइन, दोन्ही एनएला एनएशी जुळवतात. दोन टेबलांत आयडी नसलेल्या शेकडो ओळी असतील तर त्यांची एकमेकींशी लग्नं लागून हजारो खोट्या ओळी तयार होतात. एसक्यूएलमध्ये नल नलशी जुळत नाही, म्हणून तिथे हा प्रकार घडत नाही. आरमध्ये जोडण्याआधी एनए ओळी बाजूला काढा.

आत डेटाबेसमध्ये हे कसं साठवलेलं असतं?

ऑर्ग पॅकेजमध्ये जीन्स नावाचं मध्यवर्ती टेबल असतं. त्यात _आयडी हा अंतर्गत पूर्णांक आणि जीन_आयडी, म्हणजे एन्ट्रेझ आयडी. चिन्हं आणि नावं जीन_इन्फोमध्ये, पर्यायी नावं एलिअसमध्ये, एन्सेंबल आयडी एन्सेंबल टेबलात, आणि सगळी _आयडीने जोडलेली. ऑर्ग.एचएस.ईजी_डीबीकॉन डेटाबेसचं कनेक्शन देतं, डीबीस्कीमा रचना छापतं, आणि डीबीगेटक्वेरीने थेट एसक्यूएल चालवता येतं. मात्र _आयडी बाहेर कुठे नोंदवू नका. तो पॅकेजच्या त्या आवृत्तीपुरताच असतो.

चिपच्या पॅकेजमध्ये मुख्यतः प्रोब ते एन्ट्रेझ एवढंच असतं आणि बाकीसाठी ते ऑर्ग पॅकेजचा डेटाबेस जोडून घेतं. म्हणून चिपचं पॅकेज न बदलता नुसतं ऑर्ग पॅकेज अद्ययावत केलं तरी प्रोबची चिन्हं बदललेली दिसू शकतात. मध्यवर्ती आयडी सगळीकडे एन्ट्रेझ नसतो, हेही ध्यानात असू द्या. यीस्टच्या ऑर्ग.एससी.एसजीडी.डीबीमध्ये ओआरएफचं (प्रथिनाचा संकेत असू शकणाऱ्या अनुक्रमाचं) नाव आहे, अ‍ॅराबिडॉप्सिसच्या ऑर्ग.एटी.टेअर.डीबीमध्ये टेअर या त्या वनस्पतीच्या डेटाबेसचा आयडी.

आमच्याकडे स्वतःच्या आयडींचे दोन संच आहेत. मॅप कसा बांधावा?

तीन टेबलं करा. डाव्या कळांचं एक, उजव्या कळांचं एक आणि जोडण्यांचं एक. जोडण्यांच्या टेबलात डावी की, उजवी की आणि पुरावा किंवा स्रोत सांगणारा टॅग ठेवा, आणि तिघांची मिळून प्राथमिक की करा म्हणजे तीच जोडणी दोनदा शिरणार नाही. डाव्या आणि उजव्या, दोन्ही कॉलमांवर वेगळा इंडेक्स टाका. फक्त डावीकडे इंडेक्स असेल तर उलटा शोध पूर्ण टेबल चाळतो आणि लोक मग उलटी प्रत वेगळी साठवायला लागतात, जी टाळण्यासाठी ही रचना केली.

जोडणी नसलेल्या कीसाठी जोडण्यांच्या टेबलात रिकामी ओळ घालू नका. ती की तिच्या बाजूच्या टेबलात असणं पुरेसं आहे.

अशा एसक्यूलाइट टेबलावर बायमॅप हवा असेल तर क्रिएटसिंपलबायमॅप आहे. त्याला टेबलाचं नाव, डावा कॉलम, उजवा कॉलम, डेटाकॅश, ऑब्जेक्टचं नाव आणि लक्ष्याचं नाव द्यावं लागतं. एखाद्या नव्या प्रजातीचं पूर्ण पॅकेज करायचं असेल तर अ‍ॅनोटेशनफोर्जमधलं मेकऑर्गपॅकेज वापरा. प्रत्येक डेटाफ्रेमचा पहिला कॉलम जीआयडी नावाचाच हवा, दुबार ओळी नकोत, आणि जीओच्या टेबलात जीआयडी, जीओ, एव्हिडन्स असे तीन कॉलम हवेत. यात बहुतेकदा दुबार ओळींवर गाडी अडते. आधी युनिक चालवा.

बायमॅप फाइलीत जतन करता येतो का? समांतर प्रक्रियांत वापरता येतो का?

जतन करू नका. त्याच्या पोटात चालू सत्रातली डेटाबेस जोडणी असते आणि ती फाइलीतून परत येत नाही. टूटेबलचा निकाल आणि पॅकेजची आवृत्ती जतन करा. समांतर कामात फोर्क केलेल्या प्रक्रियांनी एकच एसक्यूलाइट जोडणी वापरली तर विचित्र एरर येतात. प्रत्येक प्रक्रियेत पॅकेज नव्याने उघडा, किंवा त्याहून सोपं म्हणजे टेबल आधीच काढून ते साधं डेटाफ्रेम म्हणून वाटा. लूपमध्ये एकेका कीसाठी डेटाबेसला विचारणंही टाळा. सगळ्या कळा एकदम एमगेटला द्या.

उंदराच्या जनुकांसाठी चिन्हं कॅपिटल अक्षरांत केली की मानवी जनुकं मिळतात ना?

पुष्कळ मिळतात, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण मानवी टीपी५३ चं उंदरातलं जनुक ट्रप५३ (२२०५९) आहे. अक्षरं मोठी करून ते कधीच जुळणार नाही. प्रजातींमधलं नातं हा स्वतंत्र मॅप आहे आणि तोही अनेकांस अनेक असतो. त्यासाठी ऑर्थॉलॉजी.ईजी.डीबी हे पॅकेज आहे.

सहा महिन्यांनी तोच कोड चालवला तर यादी वेगळी आली. काय करावं?

बायोकंडक्टरच्या वर्षातून दोन आवृत्त्या निघतात, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, आणि अ‍ॅनोटेशन पॅकेजं त्यासोबत नव्याने बांधली जातात. मधल्या काळात एनसीबीआयने काही नोंदी विलीन केलेल्या असतात, काही रद्द, तर काही चिन्हं बदललेली. पॅकेजवर मेटाडेटा चालवलं की एन्ट्रेझ, जीओ, एन्सेंबल यांचा डेटा कोणत्या तारखेचा आहे ते दिसतं. सेशनइन्फोबरोबर तेही निकालांच्या फोल्डरमध्ये ठेवा.

याच मेटाडेटात केग या जैविक मार्गांच्या डेटाबेसची तारीख २०११ ची दिसेल. ती चूक नाही. केगने त्या वर्षी मोफत एफटीपी बंद केलं, आणि ऑर्ग पॅकेजमधला पाथ मॅप तिथेच गोठला. आजचे केग मार्ग हवे असतील तर तो मॅप वापरू नका, केगच्या आरईएसटी सेवेतून जोडण्या घ्या आणि वर सांगितलेल्या तीन टेबलांत ठेवा.